सांगली महापालिका निकाल : मतदान कमी का, आणि निकाल असाच का? (शिव्या नकोत, हिशेब मांडा)

हळदबाजार
१६ जानेवारीला निकाल लागल्यापासून प्रत्येक ग्रुपवर एकच पालुपद : "लोक मतदानाला उतरत नाहीत, मग भोगा." ऑगस्ट २०१८ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मत द्यायला मिळालं. मधली शेवटची अडीच वर्षं प्रशासक. कृष्णेत सांडपाणी सोडणारा शेरी नाला तिथंच, पावसाळ्यातलं शामरावनगरचं तळं तिथंच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलेलं पाणी बघितलेलं हे शहर, आणि तरी एवढी माणसं घरात बसतात? जी उतरली त्यांनीही बऱ्याच ठिकाणी तीच आडनावं परत पाठवली.

राग आहेच. पण नुसता राग काढून उपयोग नाही. यादी, केंद्र, मोजणी ही कामं ज्यांनी जवळून बघितलीत त्यांनी लिहा. पक्षाची वकिली करायची असेल तर दुसरीकडे करा.

भाग_क्रमांक
टक्केवारी म्हणजे भागाकार. सगळे वरचा आकडा बघतात, खालचा कोणी बघत नाही.

समजा एका केंद्राच्या यादीत ९०० नावं आहेत. त्यातले ४० मयत, ६० मुली लग्न होऊन गेलेल्या, १२० पोरं नोकरीला पुण्यात आणि ३० नावं दुबार. म्हणजे त्या दिवशी केंद्रावर येऊ शकणारी माणसं उरली ६५०. मतदान झालं ४५०. कागदावर ५० टक्के, प्रत्यक्षात ६९. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण आपल्या केंद्राची यादी छापून एका गल्लीपुरती तपासायला तासभर पुरतो. पेन घ्या आणि समासात खुणा करा : म, स, बा, दु (मयत, सासरी, बाहेरगावी, दुबार). गल्लीतली एक जुनी बाई शेजारी बसवा, तिच्याइतकी पक्की माहिती कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही.

ही नावं राहतात कशी? मृत्यूची नोंद होते महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, आणि यादी असते विधानसभा मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. मयताचं नाव काढायला कुणीतरी नमुना ७ भरावा लागतो. घरचे भरत नाहीत, कारण त्यांना त्याची गरज नसते. बीएलओला (केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी) तोंडी माहीत असलं तरी कागदाशिवाय तो नाव काढू शकत नाही, आणि काढू नयेच. एरवी विरोधकाच्या गल्लीतली जिवंत माणसंही मयत व्हायची.

घर बदललं की भरायचा नमुना ८. २०२२ पासून एका मतदारसंघातून दुसऱ्यात जायलाही तोच चालतो. आपली महापालिका सांगली आणि मिरज अशा दोन विधानसभांत विभागलेली आहे, त्यामुळे विश्रामबागेतून मिरजेत राहायला गेलात तर मतदारसंघच बदलतो. लोक मात्र नेट कॅफेत जाऊन नमुना ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, भरतात. त्यात "माझं नाव दुसरीकडे नाही" असं लिहून घेतलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. जुनं नाव तसंच राहतं आणि नवं वेगळं तयार होतं. लग्न झालेल्या मुलीचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, त्यामुळे नावावरून दुबार शोधणाऱ्या संगणकाला ती सापडतच नाही. सापडली तर फोटोवरूनच.

हळदबाजार
पण राज्य निवडणूक आयोगाने ही नावं काढायला नकोत का? निवडणूक त्यांची ना?

भाग_क्रमांक
निवडणूक त्यांची, यादी त्यांची नाही. राज्य आयोग विधानसभेची यादी जशीच्या तशी उचलतो आणि प्रभागांत फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. नवं नाव घालणं, जुनं काढणं, पत्ता बदलणं हे अधिकार त्यांच्याकडे नाहीत. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती एवढ्याचसाठी : फोडताना लेखनिकाची चूक झाली, मतदार भलत्याच प्रभागात गेला, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथं गळलं.

म्हणून डिसेंबरात "माझं नाव घाला" म्हणत महापालिकेत खेटे घालणाऱ्यांना हात हलवत परत यावं लागलं. त्यांची वेळ जूनमध्येच संपली होती. दुबार नावांपुढे या वेळी दोन तारे छापले होते आणि अशा मतदाराकडून "इथंच मत देतोय, दुसरीकडे देणार नाही" असं हमीपत्र घ्यायचं होतं. चांगली सोय, पण नाव यादीत दोनदा राहिलंच. म्हणजे भागाकारातला खालचा आकडा होता तेवढाच.

शाहूपुरी_सातारा
याच्यापुढची गंमत आमच्याकडे बघा. यादी फोडतात ती कंट्रोल चार्टवरून. विधानसभेच्या यादीचा एक भाग, त्यात पत्त्यांचे छोटे विभाग, आणि प्रत्येक विभागापुढे प्रभाग क्रमांक लिहिलेला तक्ता. तो लिहिणाऱ्याने जागेवर जाऊन हद्द बघायची असते. हद्द रस्त्याच्या मधून जाते, पण यादीतला विभाग "अमुक कॉलनी" असा दोन्ही बाजूंचा असतो. टेबलावर बसून चार्ट भरला की अख्खी कॉलनी एका प्रभागात जाते. चुकीचा एक शेरा, दीडदोनशे मतदार इकडचे तिकडे.

त्यात पत्ता नीट असेल तर शपथ. यादीचं पान उघडा, "घर क्रमांक" या रकान्यात कुठं शून्य, कुठं आडवी रेघ, कुठं नुसतं "सातारा". अशा नावाचा प्रभाग ठरवायचा कसा? मग मागच्या-पुढच्या अनुक्रमांकाबरोबर ढकलून देतात. नवरा एका केंद्रावर, बायको दुसऱ्या केंद्रावर, हे होतं ते असं.

साताऱ्याची हद्दवाढ २०२० ला झाली. शाहूपुरी, विलासपूर ग्रामपंचायतीतून पालिकेत आले. प्रभाग पाडताना लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची, कारण दुसरी हातात नाही. मतदार मात्र २०२५ चे. ज्या बाजूला चौदा वर्षांत नुसत्या अपार्टमेंट उठल्या, तिथले प्रभाग मतदारांनी फुगले. पेठांमधले तेवढे फुगले नाहीत. नगरसेवक दोन्हीकडे दोन-दोनच. फुगलेल्या प्रभागात उमेदवार दारापर्यंत पोचत नाही, आणि ज्याच्या दारात कोणी आलं नाही तो मतदार केंद्र शोधत बसत नाही.

कुपवाड_पहिलीपाळी
यादी, चार्ट सगळं बरोबर. पण वेळेचं कोण बोलणार? विधानसभेला सात ते सहा. राज्य आयोगाच्या निवडणुकीला साडेसात ते साडेपाच. सकाळी अर्धा तास उशिरा उघडणार, संध्याकाळी अर्धा तास आधी बंद. पहिल्या पाळीचा माणूस सातला गेटच्या आत असतो.

सुट्टीचं परिपत्रक कामगार विभाग दर वेळी काढतो : पगारी सुट्टी द्या, कामच थांबवता येत नसेल तर दोन-तीन तासांची सवलत द्या. मोठ्या कारखान्यात पाळतात. पंधरा-वीस माणसांच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्याला कोण देतंय? त्याचं मत म्हणजे एका दिवसाची हजेरी. त्याला "नालायक" म्हणण्याआधी ती हजेरी भरून द्या.

परिपत्रक निघालं की ठेकेदाराच्या फलकावर चिकटवायचं आणि नाही दिली सुट्टी तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्यायचं, मतदानाच्या आधी. नंतर दिलेल्या तक्रारीने हजेरी मिळेल कदाचित, मत मिळणार नाही.

हळदबाजार
पटलं. पण विश्रामबागेतल्या पगारी सुट्टीवाल्यांचं काय? १४ ला संक्रांत, १५ ला गुरुवारी मतदान, शुक्रवारी रजा टाकली की रविवारपर्यंत मोकळे. तीळगूळ वाटला आणि गाड्या गणपतीपुळ्याला. त्यांच्या यादीत काही घोळ नव्हता. यादी धुऊन स्वच्छ केली तरी हा माणूस घरात किंवा कोकणातच असणार.

भाग_क्रमांक
असणार. त्याच्यासाठी माझ्याकडे औषध नाही. पण तो किती आणि यादीतले नसलेले किती, हे वेगळं केल्याशिवाय त्याला शिव्या देणं म्हणजे हवेत तलवार.

चार_बटणं
आता दुसरा प्रश्न, निकाल असाच का. सांगलीत ७८ जागा, २० प्रभाग. १८ प्रभाग चार जणांचे, दोन तीन जणांचे. हे गणित डोक्यात नसेल तर निकाल कळणारच नाही.

एका मतदाराने चार मतं द्यायची : अ, ब, क, ड. मतपत्रिका अनुक्रमे पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. प्रत्येक जागेची यादी वेगळी आणि प्रत्येकीच्या शेवटी नोटा. चारही ठिकाणी काही ना काही दाबलं की मगच लांब आवाज येतो. एकच ओळखीचा उमेदवार दाबून वळणाऱ्याला कर्मचारी हाक मारतो, "आजी, अजून तीन राहिली." आजी म्हणते, "मला एवढाच माहितीय." मागे रांग. मग आजी काय करणार? तेच चिन्ह बघून उरलेली तीन बटणं. ओळखीच्या एका माणसामागून तीन अनोळखी आत गेले.

पॅनेल, म्हणजे एकाच चिन्हावरचे चारही उमेदवार, जिंकतं ते इथं. आणि हे "चार जागा म्हणजे मतांच्या प्रमाणात वाटणी" असं नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक जागा स्वतंत्र, सर्वांत जास्त मतं त्याची. समजा यादीतल्या १०० पैकी ५५ आले. तीन पॅनेल, मतं २२, १८, १५. चारही जागांवर लोकांनी चिन्ह बघून दाबलं तर २२ वाल्याच्या चारही जागा, बाकीच्या ३३ जणांचा एकही नाही. यादीच्या बावीस टक्क्यांत अख्खा प्रभाग खिशात.

आता यात मतदान ५५ वरून ६५ वर गेलं तर? नवे दहा जण एका बाजूला झुकले तर निकाल पार उलटतो. म्हणून ज्याचे २२ बांधलेले आहेत त्याला तुम्ही घरात बसलेले हवेच असता. लक्ष्मीदर्शनाचं गणितही तेच, कमी मतदान म्हणजे कमी पाकिटांत काम. उमेदवार मतदार आणायला धडपडतात हे अर्धसत्य आहे. धडपडतात ते आपापले आणायला.

अपक्षाचं तर मरणच. चांगला, कामाचा माणूस "क" मध्ये उभा राहिला तर त्याला मतदाराला सांगावं लागतं : अ, ब, ड मध्ये कुणालाही द्या, पिवळ्या पत्रिकेवर अमुक क्रमांकाला द्या. एवढं वाक्य प्रचारात पोचत नाही. शिवाय प्रभाग चौपट मोठा, खर्च चौपट, माणूस एकटा.

शेरीनाला
व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र) का नव्हतं हे कोणी सांगेल का? ग्रुपवर त्यावरून रान पेटलंय.

चार_बटणं
राज्य आयोगाची यंत्रं वेगळी, एका मतदाराची अनेक पदांची मतं घेणारी. व्हीव्हीपॅट जोडणी लोकसभा-विधानसभेच्या एका मताच्या यंत्राला आहे. स्थानिक निवडणुकांच्या नियमांत त्याची तरतूदच केलेली नाही. करायला हवी हे मागणं रास्त आहे, पण ते विधिमंडळात मागा. केंद्राध्यक्षाशी भांडून मिळत नाही.

नोटाबद्दलही गैरसमज आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक होते. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांतल्या पहिल्याला निवडून आलेला धरतात. बिनविरोधला मतदानच नाही, तिथं नोटाही नाही.

वकीलबाई_मिरज
ज्यांना निकालच मान्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण मुदती फार छोट्या आहेत आणि लोक त्या फेसबुकवर घालवतात.

फेरमोजणी मागायची ती निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, कारणासह, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने. "साहेब, परत मोजा" असं ओरडून होत नाही. समसमान मतं पडली तर चिठ्ठी.

निकालानंतर एकच दार, निवडणूक याचिका. महापालिकेला कलम १६, निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवस. नगरपालिकेला कलम २१, तेही १० दिवस. झेडपीला कलम २७ आणि ग्रामपंचायतीला कलम १५, दोन्हीकडे १५ दिवस. उशीर माफ होईल असं धरून चालू नका.

आता गोची बघा. कागद माहिती अधिकारात मागितले तर उत्तराला ३० दिवस. याचिकेला १०. म्हणून मोजणीच्या दिवशीच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे केंद्रनिहाय निकालपत्रकाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज द्यायचा, फी भरायची, पोच घ्यायची. माहिती अधिकार नंतर अभ्यासासाठी ठीक आहे.

आणि "यादीत घोळ होता" या एका मुद्द्यावर याचिका टिकणं अवघड. यादी अंतिम झाली की न्यायालय ती उसवत बसत नाही. घोळामुळे निकाल बदलला हे मतांच्या आकड्यात दाखवावं लागतं : फरक किती, चुकीची मतं किती, कुठल्या केंद्रावर. फरक आठशेचा आणि तुमच्याकडे पुरावा साठ नावांचा असेल तर फी वाया घालवू नका.

गलाई_विटा
शहरवाले टक्केवारीवर रडतायत, आमच्याकडचं ऐका. खानापूर, आटपाडी तालुक्यांतली निम्मी तरणी माणसं गलाईच्या धंद्यात, देशातलं एक शहर सोडलं नाही. नाव गावच्या यादीत, माणूस सोनं-चांदी गाळत हजार किलोमीटरवर. तरी ग्रामपंचायतीला मतदान ऐंशीच्या पुढं जातं, कारण वॉर्डात मतदार तीन-चारशे, हारजीत पाच-दहा मतांची, भावकी प्रत्येक नावावर बोट ठेवून बसलेली. गाड्या भरून माणसं येतात. (गाडी उमेदवाराने केली तर तो खर्चात धरायचा असतो आणि मतदार वाहून आणणं गैरप्रकारात मोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच बोलत नाही.)

म्हणजे माणूस आळशी नाही. आपल्या एका मताने फरक पडतो असं दिसलं तर तो रेल्वेत उभा राहून येतो. चार जणांच्या प्रभागात, वीस-पंचवीस हजार मतदारांत ते दिसत नाही.

शाहूपुरी_सातारा
तारखांचा घोळ त्यात भर घालतो. साताऱ्याला प्रशासक डिसेंबर २०२१ पासून. ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचे उलटसुलट कायदे, शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, ते लांबून २ डिसेंबर उजाडला. त्यातही फलटण आणि महाबळेश्वरचं मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर गेलं आणि सगळ्यांचीच मोजणी ३ ऐवजी २१ ला झाली. मुंबईत माथाडीत असलेल्या माणसाने २ तारखेची रजा टाकली असेल तर २० ची परत कुठून आणायची?

चार वर्षं नगरसेवकच नसले की लोकांना सवय लागते. नळाची तक्रार ॲपवर, गटाराची आमदाराच्या पीएकडे. मग नगरसेवक कशाला हवा हा प्रश्न आपोआप पडतो. प्रशासकाच्या काळाचा खरा तोटा हा आहे आणि तो टक्केवारीत दिसतो.

हळदबाजार
बरं. मग आत्ता करायचं काय, तेवढं सांगा. पुढच्या वेळेपर्यंत पाच वर्षं आहेत म्हणून गप्प बसायचं?

भाग_क्रमांक
गप्प बसलात तर पाच वर्षांनी हेच परत लिहाल. नोंदणीच्या अर्हता तारखा (ज्या तारखेला अठरा पूर्ण लागतात) आता वर्षात चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण होणाऱ्या पोराचा अर्ज आगाऊ देता येतो. एका केंद्राला दोन माणसं पुरतात. पहिल्या महिन्यात खुणा केलेली यादी तयार करा. मयतांसाठी घरच्यांकडूनच नमुना ७ आणि मृत्यू दाखल्याची प्रत. शेजाऱ्याने भरलेला फॉर्म चालतो, त्याच मतदारसंघातला मतदार असला की झालं, पण घरचे भरतील तर वाद होत नाही. गठ्ठ्याने फॉर्म नेऊ नका. पन्नास नमुना ७ एका हाताने आले की अधिकारी संशय घेतो, आणि बरोबर करतो. सासरी गेलेल्यांना फोन लावा, नमुना ८ त्यांनी तिकडून भरायचा. भरला की पोच क्रमांक लिहून ठेवा आणि महिन्याने यादीत बदल झाला का ते बघा. अर्ज मंजूर होऊनही पुरवणी यादीत जुनं नाव न खोडलेलं सापडतं.

सर्वांत आधी घर क्रमांक. नमुना ८ मध्येच पत्त्याची दुरुस्ती होते. रकान्यातला शून्य गेला की कंट्रोल चार्टवाल्याला तुम्हाला दुसऱ्या प्रभागात ढकलता येत नाही.

चार_बटणं
आणि केंद्रनिहाय निकालपत्रक घेऊन एकदा बसाच. प्रत्येक केंद्रावर अ, ब, क, ड या चारही जागांची एकूण मतं नोटा धरून ढोबळमानाने सारखी यायला हवीत. जिथं तफावत दिसेल तिथं केंद्राध्यक्षाच्या मतांच्या हिशेबाशी ताळा करा. मग ड जागेचा नोटा अ पेक्षा किती जास्त ते बघा. तो जिथं फुगलेला असेल तिथं लोकांना उमेदवार माहीतच नव्हते. तिथं पुढच्या वेळी नुसतं "मतदान करा" सांगून भागणार नाही, चारही नावं सांगावी लागतील.

माधवनगर_पेठ
एक विचारू? आम्ही माधवनगरकर. १५ तारखेला इथले काही जण सांगलीच्या केंद्रावर जाऊन परत आले, नाव नाही म्हणून.

भाग_क्रमांक
असणारच नाही. माधवनगर, बुधगाव, हरिपूर महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. तुमचं मतदान फेब्रुवारी २०२६ मध्ये, झेडपीला. मतं दोन, गटाचं पांढऱ्या पत्रिकेवर आणि पंचायत समितीच्या गणाचं गुलाबी. यादी तीच, १ जुलै २०२५ ची, म्हणजे नवं नाव आता घालता येणार नाही. आज रात्री आयोगाच्या संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचं नाव ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा, नावाने नको, स्पेलिंगमध्ये अडकाल. केंद्र आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. घरातली चार नावं दोन केंद्रांवर विभागली असतील तर तेही आजच कळेल.